टॉनिक मारलं म्हणून पीक आलं?

आमच्या दिग्रसकडे कापसाच्या हंगामात एक वाक्य हमखास कानावर येतं. "औंदा ते टॉनिक मारलं अन् एकरी दोन क्विंटल जास्त झाला." बोलणारा खोटं बोलत नसतो. टॉनिक त्यानं खरंच मारलेलं असतं आणि कापूसही खरंच जास्त झालेला असतो. गडबड आहे ती मधल्या 'अन्'ची. बोलता बोलता या 'अन्'चा 'म्हणून' कधी होतो ते बोलणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्यालाही कळत नाही. पुढच्या वर्षी धुऱ्याला धुरा लागून असलेले चार जण कृषी सेवा केंद्रातून उधारीवर तीच बाटली उचलतात.

आपण इंजिनिअरिंगवाले मॅथ्सच्या पेपरात प्रोबॅबिलिटीचं युनिट करतो. पिशवीतून लाल-निळे चेंडू काढतो, फासे टाकतो, फॉर्म्युला पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. पण त्या युनिटचा खरा उपयोग मला वाटतं या 'अन्' आणि 'म्हणून' यांच्यातला फरक ओळखण्यात आहे. एका बाटलीपुरता हा फरक काही शे रुपयांचा असेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र तो कितीतरी मोठ्या गोष्टींना भिडलेला आहे. तेच जरा सविस्तर सांगतो.

चल म्हणजे काय?

ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल आठवा. आपण व्होल्टेज बदलतो, करंट मोजतो आणि तार तीच ठेवतो. जे आपण मुद्दाम बदलतो तो 'स्वतंत्र चल', जे मोजतो तो 'अवलंबी चल' आणि जे आपण स्थिर धरून ठेवतो ते 'नियंत्रित चल'. तार तापली की रेझिस्टन्स बदलतो, म्हणून सर ओरडतात की करंट जास्त वेळ चालू ठेवू नका. व्हायवाला हा प्रश्न हटकून येतो!

आता हेच शेतात नेऊन बघा. टॉनिक हा स्वतंत्र चल, एकरी कापूस हा अवलंबी चल. आणि स्थिर काय ठेवलं? काहीच नाही. यंदाचा पाऊस वेगळा, पेरणीची तारीख वेगळी, बियाण्याचं पाकीट वेगळं. ज्याच्याकडे टॉनिकसाठी पैसे होते त्याच्याकडे खतासाठीही होते, डवरणी वेळेवर करायला बैलजोडीही होती. कदाचित त्याचं वावर काळ्या भारी जमिनीत असेल आणि शेजाऱ्याचं बरडावर. अरुणावतीच्या कालव्याचं पाणी एकाला मिळत असेल आणि दुसरा निव्वळ कोरडवाहू असेल. टॉनिकसोबत गुपचूप चालणारे आणि पिकावरही परिणाम करणारे हे जे घटक आहेत, त्यांना मी साध्या भाषेत 'छुपे चल' म्हणेन. पीक त्यांनी वाढवलेलं असतं आणि श्रेय बाटली घेऊन जाते.

आणखी एक गंमत. माणूस टॉनिक कधी घेतो? बहुतेक वेळा आदल्या वर्षी पीक बुडाल्यावर. फार वाईट वर्षानंतरचं वर्ष साधारणपणे त्यापेक्षा बरंच असतं, काहीही केलं नाही तरी. म्हणजे फक्त 'आधी आणि नंतर' एवढीच तुलना केली तर बाटलीत साधं पाणी असलं तरी ती पास होईल.

गडचिरोलीचा धडा

मग करायचं काय? तर तुलनेला असा एक गट ठेवायचा, की ज्याला आपण काही दिलेलं नाही. याला नियंत्रण गट म्हणतात. याचं जगानं दखल घेतलेलं उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यात नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी एक पद्धत वापरून पाहिली. गावातल्याच बाईला प्रशिक्षण द्यायचं, तिनं घरी जाऊन बाळाची तपासणी करायची, त्याला ऊब मिळते का बघायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर उपचार द्यायचे. ३९ गावांमध्ये ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या, पण ही नवी सेवा नव्हती. सुरुवातीला दोन्हीकडे दर हजार जन्मांमागे साधारण ६० बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. सेवा सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी हा आकडा सेवा दिलेल्या गावांत २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता समजा ती ४७ गावं मोजलीच नसती, तर? कोणीही म्हणालं असतं की रस्ते झाले, दवाखाने वाढले, जग बदललं, मृत्यू कमी होणारच होते. पण जग त्या ४७ गावांसाठीही तेवढंच बदललं होतं आणि तिथला आकडा जागचा हलला नाही. त्या गावांमुळेच उरलेल्या ३९ गावांच्या आकड्याला अर्थ आला.

नाणं काय म्हणतं?

तुलनेला गट ठेवला तरी एक शंका उरतेच. हा फरक निव्वळ योगायोगानं पडला नसेल कशावरून? इथे प्रोबॅबिलिटी कामाला येते.

समजा आपण वावरात शेजारी शेजारी पट्ट्यांच्या सहा जोड्या पाडल्या. प्रत्येक जोडीत नाणं उडवायचं. छापा पडला तर डाव्या पट्ट्यावर टॉनिक, काटा पडला तर उजव्या. दुसऱ्या पट्ट्यावर तेवढंच साधं पाणी मारायचं, म्हणजे पाण्याचा फायदा झाला तर दोघांना सारखाच होईल. नाणं कशासाठी? तर आपला हात नकळत चांगल्या पट्ट्याकडे जाऊ नये म्हणून. नाण्याला जमीन कळत नाही, ओळखीचा दुकानदार कळत नाही.

आता समजा टॉनिक अगदी निरुपयोगी आहे. मग प्रत्येक जोडीत कोणता पट्टा जिंकेल ही शुद्ध छापा-काट्याची गोष्ट झाली. सहापैकी चार किंवा जास्त जोड्यांत टॉनिकचा पट्टा जिंकण्याची शक्यता ६४ पैकी २२, म्हणजे तीनात एकदा. पाच किंवा जास्त जिंकण्याची ६४ पैकी ७. सहाच्या सहा जिंकण्याची ६४ पैकी फक्त १. म्हणून "सहापैकी चार ठिकाणी फायदा दिसला" असं कोणी छाती फुगवून सांगितलं तर आपण शांत बसावं. सहापैकी सहा आले तर मात्र कान टवकारावेत.

पण इथेही एक मेख आहे. ६४ शेतकऱ्यांनी हा प्रयोग केला, तर बिनकामाच्या टॉनिकलाही सरासरी एका शेतात सहापैकी सहा मिळतील. कंपनीच्या कॅलेंडरवर फोटो छापून येतो तो त्याच शेतकऱ्याचा! उरलेल्या ६३ जणांचा फोटो कोणी काढत नाही.

याच तत्त्वावर महाराष्ट्रात एक झकास प्रयोग झालेला आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. त्यांनी २०० कुंडल्या जमवल्या होत्या, त्यातल्या १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० द्यायच्या आणि त्यानं कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायचं. उत्तरं कुलूपबंद. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. डोळे मिटून नाणं उडवलं तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर येतात. २८ किंवा जास्त नुसत्या नशिबानं बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी, म्हणून कसोटीची रेघ तिथे आखली होती. तिथे कोणीच पोचलं नाही. सर्वांत चांगला निकाल २४ चा होता आणि सगळ्यांची मिळून सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास आली. हा निबंध २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या २४ वाल्या ज्योतिषानं गावात जाऊन सांगितलं असतं की "मी ६० टक्के कुंडल्या बरोबर ओळखल्या", तर ऐकणारा प्रभावित झाला असता. पण आकडेमोड करून बघा. नुसतं नाणं उडवणाऱ्या २७ लोकांपैकी तीन-चार जण सहज २४ किंवा त्याच्या वर जातात.

दोन रेघा सोबत वर गेल्या म्हणून...

आता जरा गंभीर विषयाकडे येतो. बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतरच्या काही वर्षांत विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची बातमी देशभर गेली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. बीटीची रेघ वर, आत्महत्यांच्या बातम्यांची रेघ वर. झालं, देशोदेशी लिहिलं गेलं की बीटीनं शेतकरी मारले.

याला सहसंबंध म्हणतात. दोन गोष्टी सोबत चालल्या, एवढंच तो सांगतो. त्याच वर्षांत मोबाइलची रेघही वरच जात होती! कारण ठरवायचं तर आणखी प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न, कारण आधी आलं का? आमच्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला कुटुंबासह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची आठवण आजही काढली जाते. तेव्हा बीटी यायला १६ वर्षं होती. म्हणजे बीटी नसतानाही हे घडत होतं.

दुसरा प्रश्न, जिथे बीटी पोचलं तिथे सगळीकडे असंच झालं का? गुजरातमध्येही बीटी आलं आणि तिथे कापसाचं उत्पादन भरपूर वाढलं. पण थांबा. ते तरी निव्वळ बीटीमुळे वाढलं का? तिथे त्याच काळात सिंचनही वाढलं होतं. म्हणजे बीटीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

२००८ साली आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेनं उपलब्ध पुरावा तपासून एक निबंध काढला. त्याचं म्हणणं असं की बीटी कापूस हे शेतकरी आत्महत्यांचं आवश्यक कारणही नाही आणि पुरेसं कारणही नाही. लॉजिकमध्ये शिकतो तेच हे शब्द. आवश्यक असतं तर बीटीशिवाय आत्महत्या झाली नसती. पुरेसं असतं तर बीटी पेरणारा प्रत्येक जण संकटात गेला असता. मात्र सुरुवातीच्या काळात काही भागांत, न मानवणारे वाण, महाग बियाणं आणि अपुरा पाऊस एकत्र आले तिथे नुकसान वाढलं असेल, ही शक्यता त्यांनीही नाकारली नाही. कोरडवाहू जमीन, सावकाराचं कर्ज, पडलेला भाव आणि दांडी मारलेला पाऊस या सगळ्यांत बियाण्याचा खर्च ही एक भर. एकाच चलावर सगळं खापर फोडलं की बाकीचे चल सुटून जातात. बियाणं बदललं आणि कर्ज, पाणी, भाव तसेच राहिले, तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दहाएक वर्षांत देशातल्या कापसाच्या जवळजवळ ९० टक्के क्षेत्रावर बीटी पसरलं. मग तुलना करायला बिगर-बीटी वावर उरलं किती? गडचिरोलीत ज्या ४७ गावांनी निकाल स्पष्ट केला, तशी गावंच इथे हातात राहिली नाहीत.

प्रयोग करताच येत नाही तेव्हा

आता उलट बाजू. "सहसंबंध म्हणजे कारण नव्हे" हे वाक्य एकदा शिकलं की काही जण ते प्रत्येक ठिकाणी ढालीसारखं पुढे करतात. यात मोठमोठे लोकही सापडले. शेतातल्या पट्ट्यांवर कोणता उपचार करायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची रीत शास्त्रशुद्ध केली ती इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर यांनी. आपला सहा जोड्यांचा प्रयोग त्यांच्याच घराण्यातला. १९५० साली डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला, तेव्हा हेच फिशर म्हणत राहिले की हा नुसता सहसंबंध असेल, कदाचित रक्तातच असा काही गुण असेल की ज्यामुळे माणूस सिगारेटही ओढतो आणि त्याला कॅन्सरही होतो. शंका तर्काला धरून होती, पण पुरावा साचत गेला आणि फिशर चूक ठरले.

माणसांना चिठ्ठ्या टाकून सिगारेट पाजता येत नाही. मग काय बघायचं, याची यादी हिल यांनी १९६५ साली मांडली. कारण आधी आहे का? मात्रा वाढली की परिणाम वाढतो का? वेगवेगळ्या ठिकाणी तेच दिसतं का? कारण काढून घेतलं की परिणाम कमी होतो का? आणि शरीरात हे कसं घडतं ते सांगता येतं का?

ही यादी घेऊन २०१७ सालाकडे बघा. त्या वर्षी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. इथे कोणी "हा सहसंबंध आहे" म्हणून हात झटकू शकत नाही. फवारणी आधी, त्रास नंतर. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मज्जातंतूंच्या कामाला लागणारं एक एन्झाइम बंद पाडतात, हे कधीपासूनच माहीत आहे. कारण विष होतं, यात शंका नाही.

पण "त्याच वर्षी एवढं का?" हा प्रश्न वेगळा आणि तो अवघड आहे. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. उकाडा होता. तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत. बोंडअळीच्या धास्तीनं फवारण्या वाढल्या. जोरात फवारणारे पंप आले होते. आणि एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन औषधं आणि वरून टॉनिक असं मिश्रण केलं जात होतं.

या शेवटच्या गोष्टीवर मला बोट ठेवायचं आहे. एका टाकीत तीन औषधं मिसळली म्हणजे एका वेळी तीन चल बदलले. अळी मेली तर कशानं मेली ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी तिन्ही आणावी लागतात. माणूस आजारी पडला तर डॉक्टरलाही नेमकं विष कोणतं ते कळत नाही. जी सवय प्रयोग बिघडवते, तीच खिसाही रिकामा करते आणि जीवही धोक्यात घालते. लॅबमध्ये "एका वेळी एकच बदल करा" म्हणून सर मागे लागतात, तो नुसता जर्नल पूर्ण करण्याचा नियम वाटत असेल तर हे आठवून बघा.

तर मंडळी, करायचं काय?

पुढच्या वेळी कोणी "अमुक केलं अन् तमुक झालं" म्हणालं, मग ते पीक असो, गाडीच्या पेट्रोलमध्ये टाकायचं ॲडिटिव्ह असो की आपल्याच फायनल इयर प्रोजेक्टचा रिझल्ट, तर एवढं विचारा:

१. हे केलं नसतं तर काय झालं असतं? ते कुठे मोजलंय?
२. सोबत आणखी काय काय बदललं?
३. नुसत्या नशिबानं असं होण्याची शक्यता किती?
४. किती जणांनी करून पाहिलं आणि त्यातल्या किती जणांचं आपल्याला सांगितलं?

आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्यासाठी एक सुचवणी. सहा जोड्यांचा प्रयोग कागदावर ठेवू नका, येत्या हंगामात एका कोपऱ्यात करून बघा. टाकीत टॉनिक एकटंच टाका आणि मारताना तोंडाला मास्क, हातात मोजे असू द्या. खर्च म्हणाल तर एक नाणं, थोड्या खुंट्या आणि एक वही. कापूस तोलायची वेगळी सोय करायला नको. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे वजनकाटा वावरात असतोच. फक्त बारा पट्ट्यांचा कापूस बारा वेगळ्या गाठोड्यांत बांधायला सांगायचा आणि प्रत्येक वेचणीला वजन लिहून ठेवायचं. बाटली परत आणायची की नाही ते मग वहीत बघून ठरवता येईल.